समुपदेशन मानसशास्त्रज्ञाची घडण आणि पीएच.डी.चे कोर्सवर्क : वऱ्हाडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल देताना शैक्षणिक संस्थांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू हे त्या खटल्याचे निमित्त होते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, तसेच त्या व्यक्तीजवळ बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे दाखवून देता येईल असे प्रशिक्षण असावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे.

अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या गावी हे तत्त्व अमलात आणायचे म्हटले की संस्थाचालकांची आणि प्राचार्यांची नजर साहजिकच मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे वळते. त्याच्या नावाआधी 'डॉ.' असेल तर प्रश्न सुटलाच असे समजण्यात येते. समुपदेशन कक्षाची पाटी लागते, नोंदवही तयार होते आणि नॅकच्या अहवालातील एक रकाना भरला जातो. परंतु मानसशास्त्रातील पीएच.डी. मिळविलेल्या व्यक्तीजवळ समुपदेशनाचे 'दाखवून देता येईल असे' नेमके कोणते प्रशिक्षण असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलींच्या आणि वऱ्हाडातील परिस्थितीच्या आधारे तपासला आहे. येथे रोख कोणा व्यक्तीच्या गुणवत्तेकडे नसून पदवीच्या रचनेकडे आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

नियमावलींचे वाचन

पीएच.डी.साठी कोर्सवर्क सक्तीचे झाले ते आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी. त्यापूर्वी विषयाची नोंदणी, मार्गदर्शकाशी अधूनमधून भेटी आणि प्रबंध असा सरळ प्रवास होता. २००९ मध्ये किमान एक सत्र कोर्सवर्कसाठी राखले गेले व त्यात संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला. संख्यात्मक पद्धती व संगणकाचा वापर यांचा त्यात उल्लेख होता. २०१६ च्या विनियमांनी कोर्सवर्कला ८ ते १६ श्रेयांकांची चौकट दिली. त्यांपैकी किमान ४ श्रेयांक संशोधन पद्धतीला आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के गुण, अशी ती व्यवस्था होती. २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम आला. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार आता किमान १२ श्रेयांक आवश्यक आहेत. याच विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली.

हे सर्व विनियम एकापाठोपाठ वाचले असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. त्यांचा काल्पनिक विद्यार्थी प्रत्येक विद्याशाखेत एकच आहे. तो माहिती गोळा करतो, तिचे विश्लेषण करतो, लिहितो, वाङ्मयचौर्य टाळतो आणि पुढे शिकवतो. २०२२ च्या विनियमांत तर सर्व संशोधकांना अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, तसेच त्यांच्याकडे आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम सोपविता येईल, अशी तरतूद आहे. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या संशोधकाला हे पुरेसे असेलही. परंतु ज्या ज्ञानशाखेत दुःखात असलेल्या माणसासमोर बसणे हेच काम आहे, तिथे या काल्पनिक विद्यार्थ्याची आकृती तोकडी पडते.

तथापि, नियमावलीवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे ठरेल. २०१६ च्या विनियमांत संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांत काय असू शकेल याची जी यादी होती, तिच्या शेवटी 'प्रशिक्षण', 'क्षेत्रकार्य' आणि 'इत्यादी' असे शब्द होते. त्या एका 'इत्यादी'मधून समुपदेशनाचा पर्यवेक्षित सराव सहज आत आणता आला असता. दार उघडे होते, आत जाणारे कमी होते. कोर्सवर्कचे वर्ग बहुधा सर्व विषयांच्या संशोधकांना एकत्र बसवून घेतले जातात. मराठी, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांचे संशोधक एकाच सभागृहात परिकल्पना म्हणजे काय ते ऐकतात. अशा व्यवस्थेत विषयाची स्वतंत्र गरज पुढे येणे कठीणच.

मार्गदर्शकाच्या पात्रतेचेही तसेच आहे. २०१६ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. आणि दोन शोधनिबंध यांच्या बळावर मार्गदर्शक होता येईल असे ठरविले. समुपदेशन विषयावरील प्रबंधाच्या मार्गदर्शकाने स्वतः कधी समुपदेशन केले आहे काय, ही विचारणा कोणत्याही नमुन्यात आढळत नाही.

पदवी संशोधनाची, अपेक्षा व्यवसायाची

या ठिकाणी एक आक्षेप निश्चितच घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. व्यवसायाचे शिक्षण देण्याचा तिचा दावाच नाही. मग तिच्यात समुपदेशनाचा सराव शोधणे म्हणजे विहिरीवर जाऊन धान्य मागण्यासारखे नाही काय?

हा आक्षेप तत्त्वतः मान्य केला तरी पुढचा प्रश्न उरतोच, की मग हे प्रशिक्षण मिळते कोठे? चिकित्सा मानसशास्त्राला भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा दोन वर्षांचा, पूर्णवेळ, पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा एम.फिल. अभ्यासक्रम लाभला. एम.फिल. सर्वत्र बंद झाल्यावरही या अभ्यासक्रमाला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा देण्यात आली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या याच पात्रतेच्या आधारे केलेली आहे. समुपदेशन मानसशास्त्रज्ञ असा वर्ग त्या कायद्याच्या व्याख्यांत नाही. संलग्न व आरोग्यनिगा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ व विविध समुपदेशक यांना आपल्या अनुसूचीत स्थान दिले, ही जमेची बाजू. त्याचाच परिणाम म्हणून आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे शिक्षण देण्यास मनाई केली.

या शेवटच्या निर्णयाचा पातूरसारख्या गावावर होणारा परिणाम वेगळा मांडायला हवा. समोरासमोर प्रशिक्षण घेतल्याखेरीज कोणी मानसशास्त्रज्ञ होऊ नये, ही भूमिका योग्यच आहे. परंतु आलेगाव किंवा पातूर परिसरातील नोकरी करणाऱ्या शिक्षकाला, विवाहित मुलीला मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा जो एक मार्ग परवडत होता, तो दूरशिक्षणाचा होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात अंतर्वासितेचा पर्याय तरी होता. तो मार्ग बंद झाला. विद्यापीठाच्या नियमित पीएच.डी.त अंतर्वासितेची अट आधीही नव्हती, आजही नाही. म्हणजे खालची पायरी प्रत्यक्ष सरावाच्या कारणासाठी काढून घेतली गेली आणि वरच्या पायरीवर मात्र सराव नाही तो नाहीच! या विसंगतीची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही.

अमेरिकेत हा पेच पाऊणशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा संशोधक व व्यावसायिक असा दोन्ही असावा असे ठरविले. १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील परिषदेत समुपदेशन मानसशास्त्रज्ञाच्या डॉक्टरेट पातळीवरील प्रशिक्षणाची मानके चर्चिली गेली, आणि पर्यवेक्षित सराव हा पदवीचाच भाग झाला. आज तेथे मान्यताप्राप्त कार्यक्रमात प्रबंधाबरोबर एक वर्षाची अंतर्वासिता करावी लागते. १९७३ च्या व्हेल परिषदेने तर व्यवसायाभिमुख वेगळ्या डॉक्टरेटलाही मान्यता दिली. ब्रिटनमध्ये २००९ पासून समुपदेशन मानसशास्त्रज्ञ हे नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे आणि तेथील मानसशास्त्र संघटनेच्या पात्रतेसाठी किमान ४५० तासांचे पर्यवेक्षित काम अपेक्षित असते. तुलनेसाठी, १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क १५ तासांना एक श्रेयांक या हिशेबाने १८० तासांचे होते, आणि ते सर्वच्या सर्व वर्गात बसून ऐकण्याचे असू शकते. परदेशाचे अनुकरण करावे असा याचा अर्थ नव्हे. तेथे डॉक्टरेट ही व्यवसायात प्रवेशाची परवानगी आहे, आपल्याकडे ती प्राध्यापकाच्या पदोन्नतीची पायरी आहे. प्रयोजन वेगळे असल्यामुळे घडणही वेगळी झाली.

प्रबंधांचा साचा

या घडणीचा परिणाम प्रबंधांच्या स्वरूपावर झालेला दिसतो. ग्रामीण व शहरी, मुलगे व मुली, अनुदानित व विनाअनुदानित असे दोन गट घ्यायचे, आग्रा येथून प्रकाशित होणारी समायोजनाची, चिंतेची किंवा आत्मसन्मानाची चाचणी त्यांना द्यायची, टी-मूल्य काढायचे, फरक सार्थ आहे किंवा नाही ते सांगायचे, आणि अखेरच्या प्रकरणात 'विद्यार्थ्यांना समुपदेशनाची गरज आहे' अशी शिफारस करायची. हा साचा मानसशास्त्राच्या शिक्षकांना अपरिचित नाही. त्यातून काहीच हाती लागत नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चाचणी नीट वापरली तर एखाद्या समूहाची स्थिती कळते. परंतु ज्या समुपदेशनाची शिफारस केली जाते, ते घडते कसे, याचा त्या प्रबंधात एक क्षणही नसतो. संशोधक सभागृहात प्रश्नावल्या वाटतो आणि गोळा करतो. ज्याचे गुण चिंताजनक आले त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे प्रबंधाच्या कक्षेबाहेर राहते. प्रश्नावली भरून देणारा विद्यार्थी मात्र पातूरच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहत असतो.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्रमाण मराठीत 'मला उदास वाटते' या विधानापुढे होय-नाही अशी खूण करणे सोपे असते. वऱ्हाडातला शेतकरी किंवा त्याचा मुलगा 'मले काई सुचून नाई राह्यलं', 'जीवाले घोर लागला' असे म्हणतो. दुसऱ्या वाक्यात चिंता असते, पहिल्यात काळजीपासून नैराश्यापर्यंत काहीही असू शकते. पुष्कळदा तर तो आधी डोके दुखल्याचे, भूक न लागल्याचेच सांगतो आणि कर्जाचा विषय निघतो तो उठताना, दारापाशी. ते दारापाशी बोललेले वाक्य ऐकू येण्यासाठी कानाला वळण लागावे लागते. चाचणीपुस्तिकेत त्याला जागा नाही, आणि कोर्सवर्कच्या प्रश्नपत्रिकेतही नाही. समुपदेशनातील संभाषणावर वऱ्हाडी बोलीच्या आधारे काम करणारा एखादा प्रबंध झाला, तर तो मानसशास्त्राइतकाच भाषाशास्त्रालाही उपयुक्त ठरेल. आक्षेपकांना येथे आणखी एक उत्तर मिळते. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे हे खरेच, परंतु समुपदेशनाचे संशोधन करायचे तर समुपदेशन ऐकावे लागते.

कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका व्यक्तीबरोबरच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रणावरून उतरविलेले संपूर्ण संभाषण छापले. समुपदेशक आपण काय बोललो हे आठवून सांगतो आणि प्रत्यक्षात काय बोललेला असतो, यांतील अंतर त्यामुळे प्रथमच उघड्यावर आले. रॉजर्स यांचे नाव आपल्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. व्यक्तिकेंद्रित समुपदेशनावर टीपा लिहिल्या जातात. ध्वनिमुद्रण ऐकण्याची त्यांची पद्धत मात्र आपण घेतली नाही.

अमरावती आणि गोव्याचा दाखला

समुपदेशनाचे काटेकोर प्रशिक्षण आपल्या परिस्थितीत शक्य नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. कारण ते झालेले आहे, आणि तेही विद्यापीठाबाहेर. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत अकोला व अमरावती हे दोन्ही होते. त्यांपैकी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम १८ महिने राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी नियंत्रित गट नसल्यामुळे हा सगळा बदल कार्यक्रमामुळेच झाला असे ठामपणे म्हणता येत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवूनच आकडे वाचले पाहिजेत. परंतु गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलले आणि लोक बोलते झाले, एवढे त्यातून नक्की दिसते. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात हे घडले, त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात पातूरही येते.

गोव्यातील प्रयोग याहून काटेकोर होता. तेथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांचा समावेश असलेली यादृच्छिक चाचणी झाली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना थोडक्या बैठकींची एक उपचारपद्धती शिकविण्यात आली आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांना तिचा लाभ झाल्याचे दिसून आले. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निष्कर्षाहून वेगळी आहे. ते समुपदेशक आपल्या बैठकींची ध्वनिमुद्रणे एकमेकांना ऐकवीत, ठरलेल्या मापनश्रेणीवर गुण देत आणि चुकांची चर्चा करीत. म्हणजे पदवी नसलेल्या कार्यकर्त्याचे काम कोणीतरी ऐकले होते. मानसशास्त्रात विद्यावाचस्पती झालेल्या प्राध्यापकाचे एकही समुपदेशन कोणी कधी ऐकलेले नसते, आणि तरी न्यायालयाच्या अटीची पूर्तता म्हणून कागदावर नाव त्याचेच जाते.

लहान गाव आणि गोपनीयता

तालुक्याच्या गावी गोपनीयता ही पुस्तकातील संकल्पना राहत नाही. कोण कोणाच्या खोलीत किती वेळ बसले हे दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचलेले असते. समुपदेशक-प्राध्यापक हाच अंतर्गत गुण देणारा असतो, परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक असतो, पुष्कळदा मुलीच्या वडिलांच्या ओळखीचाही असतो. 'सर, घरी सांगू नका' असे ती म्हणते तेव्हा सरांनी काय करावे? जीवाला धोका असेल तर सांगणे भाग आहे. तसा धोका नसेल तर सांगणे हा विश्वासघात आहे. आणि धोका आहे की नाही हे ओळखणे हेच तर कौशल्य आहे. आत्महत्येविषयी सरळ प्रश्न विचारावा की नाही, याबद्दल अनेक शिक्षकांच्या मनात धास्ती असते. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, ही बाब प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. कोर्सवर्कमधील नीतिमत्तेचे २ श्रेयांक वाङ्मयचौर्य, बनावट नियतकालिके आणि सहलेखकांचा क्रम यांभोवती फिरतात. ते विषय आवश्यकच आहेत. पण या मुलीच्या वाक्याला त्यांत उत्तर नाही.

यावर एक उपाय म्हणून विद्यार्थ्यांना अकोल्याला, सर्वोपचार रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे पाठविता येते, किंवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देता येतो. दोन्ही सोयी मोलाच्या आहेत. पण पातूरहून अकोल्याला जाऊन येण्यात दिवस मोडतो, घरी कारण सांगावे लागते, आणि मनोविकार विभागाची पाटी ओळखीच्या माणसाने पाहिली तर काय, ही भीती असतेच. पाठविणाऱ्यालाही कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत पाठवावे हे शिकावे लागते.

काय करता येईल

सध्याच्या नियमांत बदल न करताही बरेच शक्य आहे. १२ श्रेयांक ही किमान मर्यादा आहे. विद्यापीठाने एखाद्या विषयासाठी अधिक ठेवण्यास विनियमांची आडकाठी दिसत नाही. समुपदेशन हा प्रबंधाचा विषय असणाऱ्या संशोधकासाठी ४ श्रेयांकांचा सराव ठेवला आणि प्रात्यक्षिकाच्या प्रथेप्रमाणे एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर १२० तास होतात. ४५० च्या मानाने ते थोडे असले तरी शून्याच्या मानाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही बैठकी संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने ऐकाव्यात. असे तज्ज्ञ वऱ्हाडात थोडे आहेत हे खरे. पण ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी त्यांनी पातूरला यायला हवे असे नाही. कोविडच्या काळात प्रबंधांच्या मौखिक परीक्षा ऑनलाइन झाल्या, तेव्हा पर्यवेक्षणाचा एक तास ऑनलाइन होण्यास अडचण नसावी. ध्वनिमुद्रणे कोठे ठेवावीत, केव्हा नष्ट करावीत आणि ती मार्गदर्शकाखेरीज कोणाच्या हाती पडू नयेत, याचे नियम मात्र आधी करावे लागतील. बोलीतील आवाज गावात लगेच ओळखला जातो.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकांना हा भार वाटेल. २०२२ च्या विनियमांनी अंशकालीन पीएच.डी.ला वाट दिली आहे आणि महाविद्यालयीन शिक्षकांपैकी अनेकांचा तोच मार्ग आहे. आठवड्याला ४ ते ६ तास साहाय्याच्या कामाची जी तरतूद आहे, ती सध्या शिकवणी वर्ग, प्रयोगशाळा व मूल्यमापन यांच्यासाठी आहे. समुपदेशनाच्या संशोधकासाठी विद्यापीठाने तिचा अर्थ थोडा व्यापक लावला, तर वेगळा वेळ काढावा लागणार नाही. ज्यांना हे नको असेल त्यांनी बुद्धिमापन, स्मृती, संघटनात्मक वर्तन असे विषय घ्यावेत. मानसशास्त्र समुपदेशनापुरते मर्यादित नाही. फक्त त्यांच्या पदवीच्या आधारे महाविद्यालयाने समुपदेशन कक्ष त्यांच्याकडे सोपवू नये, आणि सोपवू लागल्यास त्यांनी नकार देण्याची मुभा असावी. ती आज कागदावर असली तरी स्टाफरूममध्ये नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रम तयार करण्याचे काम अभ्यास मंडळाचे आणि त्याला मान्यता देण्याचे विद्या परिषदेचे आहे. म्हणजे हा विषय दिल्लीला पाठविण्याची गरज नाही. मानसशास्त्राच्या अभ्यास मंडळावर महाविद्यालयीन शिक्षकच असतात. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर कोर्सवर्कचा आराखडा येईल तेव्हा प्रत्येक अभ्यासपत्रिकेसमोर तास, गुण आणि संदर्भग्रंथ असे रकाने असतील. त्यांच्या शेजारी 'कोणाचे काम कोणी ऐकले' असा आणखी एक रकाना आखता येईल.